दाव्याचे गाव कोणी ठरवावे? कंपन्यांच्या करारांतील अधिकारक्षेत्राचे कलम : एक चिकित्सा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक मोठ्या कंपनीस सुटे भाग पुरवितो, तेव्हा भावी दाव्याचे गाव त्याने ठरविलेले नसते. खरेदी आदेशाच्या मागील बाजूस ते बारीक अक्षरांत छापलेले असते : 'मुंबई न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रास अधीन'. तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर वकील नेमून साक्षीदार नेण्यापेक्षा थोडी थकबाकी सोडून देणेच त्यास परवडू शकते.

या कलमास बळ देणारा प्रमुख निर्णय हकम सिंग विरुद्ध गॅमन (इंडिया) हा १९७१ चा होय. कंत्राटदार वाराणसीच्या न्यायालयात गेला. करारात मुंबई नमूद होती. सक्षम नसलेल्या न्यायालयास पक्षकार अधिकार बहाल करू शकत नाहीत, परंतु दोन सक्षम न्यायालयांपैकी एकाची निवड केल्यास करार अधिनियमाच्या कलम २८ चा भंग होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. मात्र 'निवड' या शब्दात दोन निवडणारे गृहीत आहेत. छापील नमुन्यावर केवळ सही करणारा नेमके काय निवडतो, यावर त्या निकालाने फारसा प्रकाश पडत नाही. पुढे स्वस्तिक गॅसेस प्रकरणात (२०१३) 'फक्त' हा शब्द नसला तरी एका गावाचा उल्लेख पुरेसा मानला गेला. कायदा अधिक स्पष्ट झाला, लघुउद्योजकाची अडचण मात्र वाढली.

पटेल रोडवेज प्रकरण (१९९१) या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० च्या स्पष्टीकरणाचा अर्थ लावताना न्यायालयाने म्हटले की, जेथे कंपनीचे उपकार्यालय आहे तेथेच वादकारण घडले असेल, तर केवळ मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मुंबईच्या न्यायालयास अधिकार मिळत नाही. कराराने तो देताही येत नाही. वाळूजला कारखाना आणि मुंबईला मुख्यालय असलेल्या कंपनीविरुद्ध हा युक्तिवाद उपयोगी आहे. तथापि न्यू मोगा ट्रान्सपोर्ट प्रकरणात (२००४) शाखेच्या बर्नाल्याऐवजी मुख्यालयाच्या उदयपूरलाच कौल मिळाला. या दोन निकालांचा मेळ घालणे सोपे नाही.

मराठवाड्यास अंतराचा प्रश्न नवा नाही. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश औरंगाबादेत बसू लागले. त्या व्यवस्थेस आव्हान दिले गेले आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. न्यायालय पक्षकाराजवळ आले, छापील कलमाने पक्षकार पुन्हा मुंबईस गेला!

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने यावर अंशतः उपाय केला. कलम १८ नुसार खरेदीदार देशात कोठेही असो, पुरवठादाराच्या ठिकाणच्या फॅसिलिटेशन कौन्सिलला अधिकार आहे. महाकाली फूड्स प्रकरणात (२०२२) ही तरतूद पक्षकारांमधील करारापेक्षा वरचढ ठरली. परंतु ही सोय पुरवठ्याच्या देय रकमेपुरती आहे. करार मधेच मोडल्याच्या नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि तेथे ते कलम आडवे येतेच.