सहसंबंध आणि कार्यकारणभाव : बीटी कापसाच्या वादाची चिकित्सा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, ही म्हण मराठी माणूस सहज उच्चारतो. फांदी स्वतःच्या झाडाची असली की मात्र दोष कावळ्यालाच देतो. विदर्भातील बीटी कापसाचा वाद याच वळणाने गेला. या बियाण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये वर्ध्यासह सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. काळाच्या या सान्निध्यावरून अनेकांनी बियाण्यासच मृत्यूचे कारण ठरविले. वास्तविक १९९७-९८ मध्ये वारंगळ भागात कापूस उत्पादकांनी आत्महत्या केल्या, तेव्हा बीटी बियाण्यास मान्यताच नव्हती.

समर्थकांचा युक्तिवादही याच दोषाने ग्रस्त आहे, हे क्वचितच सांगितले जाते. २००२ नंतर देशाची कापूस उत्पादकता वाढली, म्हणून श्रेय बीटीचे! के. आर. क्रांती व ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये दाखविले की, वाढीचा मोठा भाग बीटीखालील क्षेत्र अल्प असतानाच घडला. खतांचा वाढता वापर, नवी कीटकनाशके व गुजरातमधील सिंचन यांचा वाटा त्यात होता. कार्यापूर्वी उपस्थित, पण कारण नव्हे, अशा घटकास न्यायदर्शन 'अन्यथासिद्ध' म्हणते.

बोर धरणालगतच्या हिंगणी परिसरात बियाण्याचा हिशेब मांडताना शेत ओलिताचे की कोरडवाहू, जमीन भारी की हलकी, कर्ज बँकेचे की सावकाराचे, हे आधी विचारावे लागेल. पावसाने दगा दिलेल्या कोरडवाहू शेतात महागड्या बियाण्यामुळे तोटा वाढतो, एवढा बियाण्याचा वाटा मात्र मान्य करावाच लागतो.