'बॅक इन ब्लॅक' : रिकाम्या जागेचे संगीत

एखाद्या संगीतसमूहाचा गायक मरण पावला की मागे राहिलेल्यांपुढे दोनच वाटा उरतात, असे आपण धरून चालतो. एक तर समूह मोडायचा, नाही तर गेलेल्याच्या आवाजाची नक्कल करणारा कोणी शोधून आणायचा. ऑस्ट्रेलियातील 'एसी/डीसी' या रॉक बँडने १९८० साली तिसरी वाट धरली. 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आजही ऐकावासा वाटतो, तो त्यासाठी.

१९ फेब्रुवारी १९८० रोजी बँडचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये वारला. अतिमद्यपान हे मृत्यूचे कारण नोंदले गेले. आदल्याच वर्षी आलेल्या 'हायवे टू हेल'ने बँडला मोठे यश मिळवून दिले होते. माल्कम आणि अँगस यंग हे भाऊ थांबण्याच्या विचारात होते. पण बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना पुढे जायला सांगितले. न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आला. तोवर तो मोटारींच्या छपरांचे काम करून पोट भरत होता. बहामातील नसाऊ येथे ध्वनिमुद्रण झाले आणि २५ जुलैला, म्हणजे मृत्यूनंतर जेमतेम पाच महिन्यांनी, अल्बम बाजारात आला.

घाई झाली असे कोणी म्हणेल. पण ऐकताना घाई जाणवत नाही. वेष्टन संपूर्ण काळे, कोणाचे छायाचित्र नाही. पहिले गाणे 'हेल्स बेल्स' सुरू होते ते घंटेच्या टोलांनी. ही घंटा इंग्लंडमधील लफबरो येथील ओतशाळेत घडवलेली. टोल संथपणे पडत राहतात, मग गिटार येते, मग ढोल. गायकाचा आवाज यायला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. नव्या गायकाला थेट पुढे ढकललेले नाही. आधी श्रोत्याला गेलेल्याची जाणीव दिली, मग नव्याला दार उघडले.

शीर्षकगीतात ही समज अधिक स्पष्ट होते. गिटारचे मोजके ठोके, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. दुसरा एखादा बँड ती जागा वाद्यांनी भरून टाकता. इथे ती तशीच राहू दिली आहे. गीत बॉनसाठी आहे, पण त्याचे नाव त्यात कुठेही येत नाही आणि रडगाणेही नाही. बॉनची गायकी गोष्ट सांगणाऱ्या मिस्कील माणसाची होती. जॉन्सन तिच्या वाटेलाच जात नाही. त्याचा आवाज घशाच्या टोकावरून, फाटेल की काय असा ताणून येतो. नक्कल टाळणे हाच त्याने पूर्वसुरीला दिलेला मान आहे. तालाचा कणा असलेला माल्कम, ढोलवादक फिल रड, बासवादक क्लिफ विल्यम्स आणि निर्माता 'मट' लँग हे सारे 'हायवे टू हेल'चेच. त्यामुळे आवाज बदलला तरी घर तेच राहिले.

मात्र अल्बमचे दोष झाकण्यात अर्थ नाही. बॉनच्या शब्दांतली स्वतःवर हसण्याची खोड इथे विरळ झाली आहे. स्त्रीविषयीची गाणी चावट आहेत, पण त्यांत बाई माणूस म्हणून दिसत नाही. आणि 'हॅव अ ड्रिंक ऑन मी' हे प्याला पुढे करणारे गाणे दारूने मेलेल्या मित्रानंतर अवघ्या काही महिन्यांत गायले जाते, ते खटकते. आपला मित्र जसा जगला तसाच आठवावा, ही भूमिका समजू शकते. पण समजले म्हणून खटकणे थांबत नाही. शोकाला नकार आणि शोकाची उपेक्षा यांतली रेघ इथे पुसली गेली आहे.

अमेरिकेतच या अल्बमच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. पण त्याचे मोल खपावर ठरत नाही. २०१७ साली माल्कमही गेला, आणि २०२० चा 'पॉवर अप' बँडने त्याला अर्पण केला. त्याच्या जागी त्याचा पुतण्या स्टीव्ही गिटार वाजवतो. चाळीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा दारात आला, आणि उत्तरही तेच मिळाले. माणसाची जागा भरत नसते. ती राखून तिच्या शेजारी उभे राहून गाता येते, एवढेच.