ठासणीची रायफल : अस्सल, नक्कल आणि तोतया

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या शिकारविषयक नियमांत एक कलम मोठें लक्षांत घेण्यासारखें आहे. नाताळानंतरच्या खास हंगामांत हरणाच्या शिकारीस जाणारानें इ. स. १८०० पूर्वीं वापरांत असलेली एकनळी ठासणीची बंदूक, अथवा तिची तशीच नक्कल, हातीं घ्यावी, नळीचा व्यास.४४ इंचाहून कमी नसावा. आणि घोड्याच्या तोंडांत निसर्गतः मिळालेला दगडच असावा, असा त्याचा आशय आहे. हा हंगाम १९७४ सालीं सुरू झाला. आपल्या जुन्या दफ्तरांतून जिला 'पथरकला' म्हटलेलें आढळतें तीच ही जात. सरकारनें ऐतिहासिक कसोटी शिकारीची अट करून टाकल्याचें असें उदाहरण विरळा. यामुळें तेथील बेताच्या मिळकतीच्या शिकाऱ्यास, आमचे वाचक रोज कागदांविषयीं जो प्रश्न सोडवीत असतात, तोच बाजारांत उभें राहून सोडवावा लागतो : हें अस्सल, हें अस्सलाबरहुकूम, कीं हें बनावट? त्याच दृष्टीनें या स्वस्त नकलांचें परीक्षण येथें करण्याचें योजिलें आहे. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हरणाची शिकार बंद आहे, तेव्हां हा लेख वाचून कोणी रानांत जाईल ही भीति नाहीं. परंतु कोकणांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ज्यानें हाताळली असेल त्यास पुढील विवेचन परकें वाटूं नये.

मूळ वस्तु कोणती, हें आधीं ठरविलें पाहिजे. अठराव्या शतकांत पेन्सिल्व्हेनियांत, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरांत, जर्मन वंशाच्या कारागिरांनीं आपल्या मायदेशची आंखूड व जाड नळीची पेचदार बंदूक हळूहळू लांब व सडपातळ केली. चाळीस इंचांहून लांब अष्टकोनी नळी, टोंकापर्यंत गेलेला मेपलच्या लाकडाचा अखंड दस्ता, आणि चिंधींत गुंडाळून ठासलेली शिशाची वाटोळी गोळी, हीं तिचीं लक्षणें. पुढें तिला 'केंटकी रायफल' हें नांव पडलें. तें नांव गाजलें १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर. बनली एका प्रांतांत आणि प्रसिद्धि दुसऱ्याच्या नांवानें, हा प्रकार आपल्याकडील पागोट्यांच्या व शालींच्या नांवांतही पुष्कळदां घडलेला आहे.

१९६८ च्या अमेरिकन बंदूक-कायद्यानें ठासणीच्या, काडतूस न घेणाऱ्या बंदुकांस 'प्राचीन' वर्गांत घालून बहुतेक निर्बंधांतून मोकळें केलें. बाजार लागलीच फुलला, आणि त्या बाजाराचा नायक झाला 'हॉकेन' या नांवाचा तोतया.

तोतया हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. सेंट लुई येथील जेकब व सॅम्युएल हॉकेन या बंधूंच्या रायफली पश्चिमेकडील पहाडी शिकाऱ्यांत नांवाजलेल्या होत्या. जेकब १८४९ त पटकीनें वारला. सॅम्युएल १८८४ पर्यंत जगला. त्यांच्या रायफली जड, अर्ध्या दस्त्याच्या, सरंजाम सारा लोखंडी, आणि नळी दस्त्यास दोन पाचरांनीं जखडलेली, अशा असत. १९७० सालीं थॉम्प्सन/सेंटर कंपनीनें 'हॉकेन' म्हणून जी रायफल विक्रीस आणिली तींत नळी २८ इंच, सरंजाम चकचकीत पितळेचा, आणि मागची नेमपट्टी स्क्रूनें वरखालीं होणारी. १९७२ च्या 'जेरेमाया जॉन्सन' चित्रपटानें त्या नांवाची हवा आणखी वाढविली. आज हॉकेन म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें सेंट लुईची नव्हे, हीच पितळी रायफल उभी राहते. मुद्दा येवढ्यावर संपत नाहीं. उपलब्ध अस्सल हॉकेन बहुतेक साऱ्या केपाच्या आहेत. तरीही पेन्सिल्व्हेनियाच्या हंगामासाठीं दगडी घोड्याच्या 'हॉकेन' निघाल्या आणि खपल्या. म्हणजे १८०० पूर्वींच्या हत्याराची अट एकोणिसाव्या शतकांतल्या हत्याराच्या विसाव्या शतकांतल्या तोतयानें भागविली गेली! एखाद्या सनदेवर शिक्का एका राजाचा, सन दुसऱ्याचा आणि अक्षर तिसऱ्याच कारकुनाचें असावें, तशांतलाच हा प्रकार होय.

तथापि तोतया निरुपयोगी असतोच असें नाहीं, आणि येथें न्याय केला पाहिजे. ती रायफल मजबूत आहे, तिच्या मागील पिढींतील हजारों शिकाऱ्यांनीं तिच्यावर विश्वास टाकिला, आणि जुन्या बाजारांत चांगली मिळाल्यास गरिबास ती नाकारण्याचें कारण नाहीं. दोष आहे तो नळीच्या आंत. ४८ इंचांत एक वेढा हें मान अस्सल हॉकेनांतही असे. पण या नकलेंत पेचाच्या खांचा उथळ आहेत, कारण कंपनीच्या मनांत लांबट गोळीही होती. वाटोळ्या गोळीस खोल खांचा मानवतात. चिंधी तेथें नीट धरते. केवळ वेढ्याचें मान पाहून नळी ओळखणारे संग्राहक येथेंच फसतात.

हॉकेनच्या स्वरूपाशीं इमान राखणारी स्वल्प किंमतीची नक्कल पाहावयाची तर लायमन कंपनीनें विकलेली व इटलींत घडलेली 'ग्रेट प्लेन्स' पाहावी. ३२ इंची नळी, ६० इंचांत एक वेढा, काळा लोखंडी सरंजाम, दोन पाचरा, दोन चाप : ही तोतया नसून तालिक आहे, व तालिकेंत लेखकाच्या चुका असावयाच्याच. दगडी घोड्याच्या रूपांत तिलाही वरील कालविपर्यास लागू आहेच.

सर्वांत स्वस्त म्हणून स्पेनमध्यें आर्देसा कारखान्यांत तयार होणारी, ट्रॅडिशन्स कंपनीची 'केंटकी' पुढें केली जाते. दुरून रूप बरें दिसतें. जवळ जातांच दस्ता दोन तुकड्यांचा असून मध्यें पितळेची पट्टी घातलेली आहे, हें दिसतें. नळीही साडेतेहतीस इंचांचीच. खर्च वांचविण्यासाठीं केलेली ही जोड आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीं, कारण जुन्या रायफलीचें सारें सौंदर्य त्या अखंड लाकडांत आहे. परंतु ६६ इंचांत एक वेढा वाटोळ्या गोळीस योग्य आहे, आणि शिकाऱ्यास हरीण मारावयाचें आहे, प्रदर्शन मांडावयाचें नाहीं.

खरी परीक्षा घोड्याची. गारगोटी पोलादी पात्यावर घांसून ठिणग्या कानाजवळच्या रंजकावर पडावयाच्या, रंजक पेटून काना-वाटे नळींतील दारूस आग पोंचावयाची, आणि इतकें होईपर्यंत नेम हलतां कामा नये. पातें नीट पाणी दिलेलें नसेल, कमानी मंद असतील, तर रंजक जळून बार राहतो, किंवा क्षणभर उशिरानें उडतो. त्या क्षणांत शिकारी दचकतो, हरीण पाऊल उचलतें, आणि काळजांत लागावयाची गोळी पोटांत लागते. असें घायाळ जनावर झाडींत मैल मैल जाऊन मरतें, कोणाच्याही उपयोगीं न पडतां. स्वस्त नकलेंत पैसा वांचविला जातो तो बहुधा येथेंच. म्हणून पितळी टिकल्यांवर व कोरीव कामावर रीझणाऱ्या विक्रेत्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून घेणारानें प्रथम घोडा वीस वेळां पाडून ठिणगी पाहावी. दारूही अस्सल काळीच हवी. पायरोडेक्ससारख्या बदली दारूस पेटण्यास अधिक उष्णता लागते, व दगडी घोड्याशीं तिचें जमत नाहीं.

.५० व्यासाच्या नळींतील वाटोळी गोळी सुमारें १७७ ग्रेन भरते. शंभर यार्ड जाईपर्यंत तिनें आपल्या वेगाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग गमावलेला असतो. तेव्हां साठसत्तर पावलांच्या आंत जो गांठूं शकत नाहीं त्यानें महागडी रायफल घेऊनही उपयोग नाहीं.

ज्याच्यापाशीं थोडा अधिक पैसा आहे त्यास इटलींतील गार्दोने येथील पेदेर्सोलीची 'फ्रंटियर' बरी : ३९ इंची नळी, दस्ता अखंड, आणि डौल मुळाच्या पुष्कळ जवळचा. त्याहून वर, यंत्रावर कोरलेले सुटे भाग विकणाऱ्या किब्लर यांच्या संचांकडे आमचा कल आहे. किंमत हजार डॉलरांच्या वर जाते हें खरें. पण घोडा व नळी उत्तम मिळते, घडण अठराव्या शतकाच्या नमुन्यांवरून घेतलेली असते, आणि जुळविण्याचें काम धन्यानें स्वतः करावयाचें असल्यानें त्यास आपलें हत्यार आंतून बाहेरून कळतें. कांहीं लेखक अशा जुळणीस कारागिरी म्हणावयास तयार नाहींत. आम्हांस हा आक्षेप पोकळ वाटतो; जुन्या लँकेस्टरांतही घोडे पुष्कळदां परदेशाहून तयारच येत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. नियमांत 'अस्सल' चालते म्हणून दोनशें वर्षांची रायफल रानांत नेणें हा अपराध समजावा. गंजानें आंतून खाल्लेली नळी फुटते हें तर आहेच. पण न फुटली तरी नवी नळी बसविणें, कान रुंदावणें, दस्ता घांसून रोगण देणें, या 'दुरुस्त्यांनीं' पुरावाच नाहींसा होतो. एकोणिसाव्या शतकांत असंख्य दगडी बंदुका केपाच्या करण्यांत आल्या. विसाव्या शतकांत किंमत वाढावी म्हणून त्यांतल्या कित्येक पुन्हां दगडी केल्या गेल्या. अशी बंदूक दोनदां खोडून लिहिलेल्या कागदासारखी असते. पहिला बदल इतिहास होता, दुसरा व्यापार.

उलट दिशेची लबाडीही चालते. इटालियन नक्कल आम्लांत बुडवून, दस्ता धुरावर काळवंडून ती जुनी म्हणून विकली जाते. संग्राहकानें पाचर काढून नळी दस्त्यापासून सुटी करावी व तिच्या खालची बाजू पाहावी. गार्दोनेच्या परीक्षागृहाचा शिक्का व वर्षाचा सांकेतिक ठसा पुष्कळदां तेथें असतो. तो नसून त्या जागीं पोलाद कानशीनें सपाट केलेलें दिसलें, तर किंमत विचारण्याचेंही कारण उरत नाहीं.