‘कोसला’तील निवेदकाची साक्ष

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिला लेखकाचे आत्मवृत्त समजण्याची प्रवृत्ती अभ्यासकांतही आढळते. तीस आधार नाही असे नाही. लेखक आणि पांडुरंग सांगवीकर हे दोघेही खानदेशातील सांगवीचे; दोघेही शिक्षणासाठी पुण्यास जातात; दोघांचे वयही पंचविशीच्या आसपासचे. नेमाडे पुढे सांताक्रूझच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठाच्या टागोर अध्यासनावर, तौलनिक साहित्याचे प्राध्यापक होते. त्यामुळे या परिसरात तर प्रत्येक प्रसंगामागची ‘खरी’ घटना शोधण्याचा मोह अधिकच बळावतो. पांडुरंग अपयश घेऊन गावी परततो आणि नेमाडे अध्यापक झाले, एवढा भेद दाखविल्याने हा वाद मिटत नाही. मुळात पांडुरंगाची स्वतःविषयीची साक्ष तरी कितपत ग्राह्य धरावी, हे आधी पाहिले पाहिजे.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूही आपले चरित्र स्वतःच सांगते. तेथे वाचकाने शंका घ्यावी असे लेखकास अभिप्रेत नाही. तिच्या सत्यकथनावरच कादंबरीचे सामाजिक आवाहन उभे आहे. पांडुरंग मात्र आपल्या हकीकतीस फारसे मोल नसल्याचा आव आणतो. त्याच्या तोंडचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द पुढे इतरांनी इतके गिरविले की ती निव्वळ लकब समजली गेली. वस्तुतः ‘उदाहरणार्थ’ म्हणताच स्वतःचे आयुष्य अनेकांतील एक नमुना ठरते व त्याची जबाबदारी हलकी होते. ‘वगैरे’ म्हणताच, आठवण जेथे बोचू लागेल तेथेच दार लोटले जाते. वडिलांच्या पैशाची उधळपट्टी तो अशा गमतीने सांगतो की, वाचक हसतो आणि वडिलांची बाजू विचारावयास विसरतो.

ही युक्ती मनीच्या, धाकट्या बहिणीच्या, मृत्यूपाशी निरुपयोगी ठरते. या शोकास थट्टेचे पांघरूण पुरत नाही. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही : सर्व निवेदन पंचविशीतील पांडुरंगाचे आहे, म्हणजे वसतिगृहातील हास्यविनोदाची पानेही त्या मृत्यूनंतरचीच. आपण ज्याला शोकापूर्वीचा खट्याळ विद्यार्थी समजतो, तो शोकानंतर रचलेला पांडुरंग आहे. प्रस्तुत लेखकास ‘कोसला’चे खरे सामर्थ्य येथे दिसते, तिच्या बहुचर्चित भाषाशैलीत तितके नव्हे.

भावी काळातील संशोधक अवशेषांवरून पांडुरंगाच्या काळाचा भलताच इतिहास रचतात, असे विडंबन याच कादंबरीत आहे. त्याचा रोख विद्यापीठीय इतिहासलेखनावर आहे, हे उघडच आहे. पण कादंबरीतून लेखकाचे चरित्र उपसणारेही त्यातून सुटत नाहीत. त्या काळच्या पुण्यातील वसतिगृहांविषयी पुरावा म्हणून एखादा प्रबंध ‘कोसला’तील उतारे देणार असेल, तर ते उतारे कोणी, केव्हा आणि काय झाकण्यासाठी सांगितले, याची नोंद त्याच पानावर व्हावयास हवी. वडिलांच्या व्यक्तिरेखेची तर या दृष्टीने संपूर्ण फेरतपासणी होणे आवश्यक आहे.