ख्रिस्तपुराण : ओवी आणि अनेक कंठ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे आपली समीक्षा फार काळ एकाच बाजूने पाहत आली आहे. मराठीच्या स्तुतीच्या ओव्या उद्धृत करावयाच्या, परकीयाच्या भाषाप्रभुत्वाचे नवल करावयाचे आणि एकनाथांचे नाव घेऊन थांबावयाचे, असा हा परिपाठ. वस्तुतः १६१६ मध्ये राचोल येथे छापलेला हा ग्रंथ श्रवणासाठी सिद्ध झाला. तेव्हा त्याचा कर्ता कोणत्या संगीताच्या जगातून आला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले व १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. त्या काळी रोममधील संत पीटरच्या मंदिराचा गायकवृंद पालेस्त्रिनाच्या हाती होता. तेथील उपासनासंगीत बहुकंठी. आपल्या कीर्तनातील टाळकरी बुवांचेच पद उचलतात. येथे तसे नाही. चार, पाच, सहा कंठ एकाच वेळी निरनिराळ्या चाली गातात. एक कंठ शब्द संपवीत असतो तोच दुसरा तो आरंभितो. नाद विस्तारतो, पण शब्द बुडतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या (१५४५–६३) अखेरीस शब्द स्पष्ट ऐकू यावा हा आग्रह बळावला, तो यामुळेच. पालेस्त्रिनाने १५६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पोप मार्सेलुस मिसा’त ‘ग्लोरिया’ व ‘क्रेदो’ या दीर्घ पाठांत कंठ बहुधा एकत्र अक्षरोच्चार करतात. अल्पशब्द ‘किरिए’त ते पुन्हा मोकळे सुटतात. (या एका रचनेने बहुकंठी संगीत वाचविले, ही मात्र दंतकथाच.)

ओवीत हा पेच उद्भवतच नाही. कंठ एक, शब्द अग्रभागी. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या श्रोत्यांच्या कानांना जी सवय होती, तीच स्टीफन्स यांनी उचलली. यात केवळ प्रचारकाची सोय पाहणे मला अपुरे वाटते.

मात्र काही गमावलेही. बहुकंठी रचनेत शोक आणि आशा एकाच क्षणी ऐकू येऊ शकतात. ओवीला त्या एकामागून एक सांगाव्या लागतात. मग येथे दुसरा कंठ कोठे आहे? माझ्या मते तो शंका विचारणाऱ्या श्रोत्याचा. संवादाची ही रीत पुराणांचीच. परंतु शंका जेथे जुन्या श्रद्धेच्या बाजूने बोलते, तेथे पाद्रींचे उत्तर आल्यावरही तिचा सूर पुरता मिटत नाही. दिल्लीतील अमराठी वाचकांसाठी उतारे निवडावयाचे झाल्यास मी स्तुतीच्या ओव्यांआधी याच जागा घेईन.