जमात कुणाला म्हणावे?

सेठ गोडिन हे अमेरिकेतील जाहिरातशास्त्राचे नामांकित लेखक. त्यांचे ‘ट्राइब्ज’ हे २००८ सालचे छोटेखानी पुस्तक मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. मॅट्रिकच्या इंग्रजीला तेवढा आधार लागतोच!

गोडिन म्हणतात : एक विचार, एक पुढारी आणि परस्परांशी जोडलेली माणसे, की झाली जमात. फेसबुकसारख्या साधनांनी ही जोडणी आता कुणालाही साधते. जाहिरातीचा गलबला करण्यापेक्षा आपली माणसे जमवावीत, हा विचार मला पटला. आडगावच्या लेखकाला वाचक भेटतात ते याच वाटेने.

पण मी अहेरीचा. भोवती माडिया गोंडांची वस्ती. इथे ‘जमात’ हा शब्द नुसती उपमा म्हणून वापरवत नाही. सोयरीक असो की तंटा, माणूस चारचौघांत बसून बोलतो. त्याच्या शब्दाला त्याचे तोंड आणि कूळ चिकटलेले असते. गोडिन यांच्या जमातीत जाब कुणी कुणाला विचारायचा, याचा विचार मला पुरेसा दिसला नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेपायी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती. जोडणी तिथेही होतीच. निरोपाला धनी नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग आवरतो. जबाबदारी मात्र माणसानेच घ्यावी लागते.

पुस्तक जरूर वाचावे. आणि वाचकहो, यंदा दिवाळीचा निरोप पुढे धाडताना खाली आपले नाव लिहावे, एवढीच विनंती.