आंबटशौकीन

आपल्याकडे दूध नासलं तर फार तर कलाकंद होतो. ब्रसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात, बिअर नासावी म्हणून कारखानदार रात्रभर खिडक्या उघड्या टाकतो. मोड आणून वाळवलेला जव, त्याच्या जोडीला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त बिनमोडाचा गहू आणि जुनी होऊन कडूपणा हरवून बसलेली हॉप्सची फुलं, एवढ्याचा काढा उथळ हौदात ओतायचा आणि झोपायला जायचं. वाऱ्यावरचे जंतू आपले आपण येतात. हे काम फक्त थंडीत. उन्हाळ्यात नको ते पाहुणे फार. पुढे लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं. ही लॅम्बिक. तीत आंबट चेरी मुरवल्या की क्रीक, रासबेरी मुरवल्या की फ्रांबोआझ.

१९७८ साली अमेरिकेनं कायदा बदलला आणि घरी प्यायला घरी बिअर करणं करमुक्त झालं. आमचा न्यू जर्सीचा भाचा त्या पंथातला. त्यानं माझ्यापुढे दोन पेले ठेवले. "मामा, खरं सांगा हं!" भाच्यानं असं म्हटलं की खरं सांगणं भलतंच अवघड होतं.

पहिली झटपट जातीची. काढ्यात विरजणाच्या नात्यातले जंतू सोडून एकदोन दिवस उबेत ठेवायचा, आंबला की उकळून जंतूंना निरोप द्यायचा, मग नेहमीचं यीस्ट आणि रासबेरी. रंग शालूसारखा. चव? आंबट. पहिला घोट आंबट, शेवटचाही आंबट. ताक आंबेपर्यंत थांबायचं सोडून दुधात लिंबू पिळावं, तशातली गत. फळ तिथं नुसतं रंगकाम करतं.

दुसरी क्रीक. एकोणीस लिटरची काचेची बरणी, कपाटात पावणेदोन वर्षं. तीत ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट. १९०४ साली कार्ल्सबर्गच्या क्लाउसेननं ते इंग्लिश बिअरवरून ओळखून इंग्रजांच्या नावानं बारसं केलं. नाव काढलं मात्र बेल्जियमनं. साध्या यीस्टनं ताटात टाकलेलं हे सावकाश निपटतं आणि तबेल्यातल्या घोंगडीचा वास मागे ठेवतं. ऐकायला वाईट, प्यायला नाही. लिटरला दोनशे ग्रॅमच्या हिशेबानं चेरी जवळजवळ चार किलो. त्यांची साखर यीस्ट खाऊन टाकतं, म्हणून बाजारात क्रीक म्हणून जे गोड सरबत मिळतं त्याच्याशी हिचं गोत्र जुळत नाही. आधी आंबट, मग चेरीच्या सालीचा तुरटपणा, मागून बियांतला बदामी कडवटपणा, आणि शेवटी जीभ अगदी कोरडी. पेला रिकामा होईपर्यंत बोलणं झालं नाही.

पण घशात व्हिनेगरची एक बारीक चिमटी लागली. वरची पांढरी साय हवा अडवते; ती मोडून हवा आत गेली की व्हिनेगरवाले जंतू माजतात. "दर आठवड्याला बूच काढून बघत होतास ना?" भाच्यानं उत्तर द्यायच्या आत सूनबाई हसली. तिसरी बरणी आता कुलुपात आहे, आणि किल्ली तिच्याकडे.